छायाचित्रातील रवा : एका दोषाचा इतिहास

हुबळीतील आमच्या देवळाच्या सभामंडपात उत्तरेकडील भिंतीवर एक काळेपांढरे छायाचित्र गेली पन्नास वर्षे टांगलेले आहे. ते देवळाच्या एका जुन्या अर्चकांचे. सारा समाज त्यांना भटमाम म्हणत असे; मीही येथे तेवढेच म्हणेन. खांद्यावर उपरणे, मान किंचित डावीकडे कललेली, दृष्टी खाली. गंध उगाळीत असता घेतलेले हे चित्र आहे, परंतु सहाण चौकटीत आलेली नाही. सभामंडपाच्या मध्यभागातून पाहावे तर कोणा निष्णात चित्रकाराने कोळशाने रेखाटलेले मस्तक वाटते. जवळ जाऊ लागले की गाल, कपाळ, भुवया एकेक करून विरघळत जातात आणि हातभर अंतरावर तर काळ्याकरड्या कणांवाचून काहीच उरत नाही. लहानपणी मला वाटे की भटमामांचे कोणी रांगोळीचे चित्र काढले असावे आणि वर काच बसविली असावी.

दोन वर्षांपूर्वी जीर्णोद्धाराचे काम निघाले. समितीतील एका उत्साही तरुण सभासदाने हे चित्र संगणकावर 'स्वच्छ' करून घ्यावे असे सुचविले, आणि केवळ सुचवून तो थांबला नाही, नमुनाही करून आणला. त्यात भटमामांची कातडी केळीच्या गाभ्यासारखी तुळतुळीत झाली होती, डोळ्यांत चमक आली होती, उपरण्याला केशरी रंग चढला होता. बहुतेकांना तो नमुना आवडला. समितीचा कायदेविषयक सल्लागार म्हणून माझ्याकडे प्रश्न आला तो एवढाच, की असे करण्यास मूळ छायाचित्रकाराची परवानगी लागेल काय.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे १७ वे कलम पाहता, कोणाच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला स्वामी, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. समितीने १९७४ साली पैसे मोजले होते; वहीत नोंद सापडली. तेव्हा नक्कल करण्याचा प्रश्न सुटला. परंतु त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला एक निराळा हक्क दिला आहे. कृतीचे स्वामित्व दुसऱ्याकडे असले तरी तिची मोडतोड किंवा विकृती होऊन आपल्या नावलौकिकास बाध येत असल्यास तो दाद मागू शकतो. रवा पुसणे ही विकृती होय काय? हे ठरवावयाचे तर प्रथम तो रवा अपघाताने आला की कर्त्याने हेतुपूर्वक आणला, हे समजले पाहिजे. छायाचित्रकार हयात होते. वय चौऱ्यांशी, राहणे धारवाडच्या माळमड्डीत. मी एका रविवारी जाऊन पोहोचलो आणि भीत भीत विचारले. ते हसले. म्हणाले, "वकीलसाहेब, रवा आपोआप पडला असे वाटले काय तुम्हांला? तीन रात्री गेल्या त्याच्यापायी."

त्या उत्तराचा अर्थ नीट कळावा म्हणून मी जे वाचले, त्यांच्याकडून जे ऐकले व त्यांनी दाखविलेल्या जुन्या प्रतींवरून जे पडताळले, ते वाचकांपुढे मांडतो.

इंग्रजीत ज्याला 'ग्रेन' म्हणतात त्याला आमच्या भागातील स्टुडिओवाले 'दाणा' किंवा 'रवा' म्हणत. मला रवा हा शब्द अधिक आवडतो. तुपाला रवा धरला की आपण त्याला दोष देत नाही. रवाळ तूप हे चांगल्या तुपाचे लक्षण समजतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र शंभर-सव्वाशे वर्षे उलटा न्याय चालू राहिला. फिल्मवरील पातळ जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांचे डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत रूपांतर होते. बाकीचे हायपोच्या द्रावणात निघून जातात. एकेक स्फटिक इतका लहान असतो की तो नुसत्या डोळ्यांना कधीच दिसावयाचा नाही. आपल्याला दिसतो तो त्यांचा घोळका. थरात एकाखाली एक आलेले कण कुठे दाट होतात, कुठे विरळ पडतात, आणि निगेटिव्ह मोठी करताच ही दाटी-विरळी रवा म्हणून प्रकट होते. स्फटिक मोठे असले की फिल्म मंद प्रकाशातही काम देते, पण रवा जाड येतो. लहान असले की चित्र गुळगुळीत, पण उजेड भरपूर हवा. हा व्यवहार छायाचित्रणाच्या मुळाशीच आहे.

फिल्म येण्याच्या पुष्कळ आधी रवा होता. तो होता कागदाचा. हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४१ मध्ये कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेतले. तीत निगेटिव्ह कागदावर होई आणि तिच्यातून दुसऱ्या कागदावर प्रत काढताना पहिल्या कागदाचे तंतू चित्रात उतरत. त्याच सुमारास फ्रान्सकडून आलेली दागेरची पद्धत चांदीच्या पत्र्यावर केसन् केस दाखवी. तिच्यापुढे टॅल्बटचा कागद खडबडीत, धुरकट दिसे. लोकांनी अर्थातच पत्रा पसंत केला. परंतु एडिंबरोमध्ये डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल नावाच्या चित्रकाराला १८४३ साली एका मोठ्या समूहचित्रासाठी शेकडो धर्मोपदेशकांचे चेहरे टिपून ठेवावयाचे होते. रॉबर्ट ॲडमसन या तरुण रसायनकुशल माणसाला हाताशी धरून त्याने कागदी निगेटिव्हवर त्या सर्वांची चित्रे घेतली. तैलचित्र पुरे होण्यास १८६६ साल उजाडले आणि आज ते फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्याच्या तयारीसाठी घेतलेल्या कॅलोटाइपांची मात्र तेव्हाच रेम्ब्रांटच्या चित्रांशी तुलना होऊ लागली होती. कागदाच्या पोतामुळे बारीकसारीक तपशील गळून पडत आणि उजेड-अंधाराचे मोठे पुंजके तेवढे उरत. हिल चित्रकारच असल्याने त्याला यात उणेपणा वाटला नाही. हा खडबडीतपणाच कॅलोटाइपचा प्राण आहे, असे त्याचे मत होते.

हा कागदी रवा आपल्या भागात फार लौकर आला, आणि तो आला देवळांच्या निमित्ताने. मुंबई तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांची १८५५ मध्ये मुंबई सरकारने छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली व त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची चित्रे कागदी निगेटिव्हवर घेतली. त्यांच्यामागून डॉ. पिगू यांनी हे काम चालविले. या दोघांची आणि ए. सी. बी. नील यांची छायाचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी धारवाड व म्हैसूर येथील वास्तुकलेवरील ग्रंथात प्रसिद्ध केली. त्यात मेडोज टेलर यांचा ऐतिहासिक लेख असून वास्तुविषयक टिपणे जेम्स फर्ग्युसन यांची आहेत. बिग्ज यांच्या प्रती पाहताना दगडाचा रवा कोठे संपतो आणि कागदाचा कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. उणकलच्या चंद्रमौळेश्वराची भिंत कलत्या उन्हात ज्याने पाहिली असेल त्याला माझे म्हणणे पटेल. दगड जसा डोळ्यांना दिसतो त्याहून तो तळहाताला जसा लागतो, तसा त्या चित्रांत उतरला आहे.

मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड हे एक होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवीत. हे कुटुंब पेडण्यातील मांद्र्याचे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या मूळ गावांपासून हाकेच्या अंतरावरचे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यक्तिचित्रांचा धंदा करून नावारूपास आले. कॅमेरा हे साहेबाचे खेळणे होते व आपण मागाहून त्याची नक्कल केली, अशी एक समजूत आहे. विलायतेत ही विद्या सार्वजनिक झाल्याला पंधरा-सोळा वर्षे होतात न होतात तोच मुंबईचे देशी विद्यार्थी वर्गात बसून ती शिकत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या समजुतीला फारसा आधार उरत नाही.

एवढ्यात काच आली. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेल्या कलोडियनच्या पद्धतीने निगेटिव्ह काचेवर घेता येऊ लागली आणि कागदाचे तंतू एका झटक्यात नाहीसे झाले. धंदेवाइकांना हेच हवे होते. गिऱ्हाईकाला शालूची जर आणि पगडीची घडी मोजून घेता येऊ लागली. या लख्खपणाविरुद्ध ज्यांनी बंड केले त्यांत ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई प्रमुख. तिचा जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा; मृत्यू १८७९ मध्ये सिलोनात. १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तिच्या हाती कॅमेरा आला आणि तिने माणसांची मस्तके जाणूनबुजून किंचित अस्पष्ट टिपली. येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह होतो. तिचे पती चार्ल्स हे कॅमेरॉन मेकॉलेच्या विधी आयोगाचे सभासद होते व भारतीय दंडसंहितेच्या मसुद्याला त्यांचा हात लागलेला आहे. ज्या घरात एकाने गुन्ह्यांच्या व्याख्या रेखीव केल्या त्याच घरात दुसऱ्याने चेहऱ्यांच्या कडा पुसल्या, हा योगायोग आम्हा वकिलांना मौजेचा वाटावा. पण कॅमेरॉनबाईंची मृदुता भिंगाची होती. काचेवर रवा नव्हताच.

आपल्याकडे छायाचित्राला चित्राचे रूप देण्याचा मार्ग निराळा निघाला आणि तो होता कुंचल्याचा. १८६० च्या पुढे हिंदुस्थानात रंगविलेल्या छायाचित्रांची जी परंपरा वाढली तशी क्वचितच अन्यत्र वाढली असेल. छायाचित्राची फिकट प्रत काढावयाची आणि तिच्यावर जलरंगांचे किंवा तैलरंगांचे लेप देत जावयाचे. कधी कधी तर खालचे छायाचित्र शोधूनही सापडू नये. आपल्या घराघरांतून आजोबा-पणजोबांच्या ज्या मोठ्या तसबिरी लागलेल्या असत त्यांत हा प्रकार पुष्कळ. पुरुषांच्या अंगावर नसलेला कोट येई, बायकांच्या नाकात नसलेली नथ येई, आणि गालांवर सर्वांच्या सारखाच गुलाबी रंग. मी या परंपरेला नावे ठेवू इच्छीत नाही. तिच्यात उत्तम कारागिरी आहे आणि मृताला नटवून भिंतीवर बसविण्यामागे प्रेम आहे. तथापि त्या तसबिरीत आजोबा किती आणि रंगारी किती याचा निवाडा करण्यास साधन राहत नाही, हेही खरे.

कणांतून चित्र उभे राहते ही गोष्ट आपल्याला अपरिचित होती असे मात्र कोणी समजू नये. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या देवघरांत होत्याच. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला व पुढे कार्ल्याजवळ मळवलीस गेला. शिळाछापात दर रंगाचा दगड निराळा असे आणि छटा दाखविण्यासाठी कारागीर त्या दगडावर हाताने ठिपके देत बसे. जुन्या ओलिओग्राफवर भिंग धरून पाहावे. लक्ष्मीचा गाल म्हणजे तांबड्या, पिवळ्या, तपकिरी ठिपक्यांची पेरणी असते. दोन हात दूर धरताच त्याचा गाल होतो. आमच्या आजीला हे तंत्र ठाऊक नव्हते, पण तसबीर कोठून पाहावी हे तिला बरोबर ठाऊक होते.

युरोपात याच सुमारास छायाचित्रकारांचा एक पंथ निघाला. यंत्राने काढलेले चित्र ही कलाच नव्हे, या आक्षेपाला त्यांना उत्तर द्यावयाचे होते. लंडनमध्ये १८९२ साली या मंडळींचा 'लिंक्ड रिंग' नावाचा संघ निघाला, आणि आपल्या मुंबईचे शापूर भेदवार हे पारशी गृहस्थ १८९० च्या सुमारास लंडनला जाऊन ही विद्या शिकले व त्या संघात मान मिळविते झाले. पॅरिसच्या रोबेर दमाशीने डिंकाच्या पद्धतीला प्रतिष्ठा दिली. डिंक, रंगद्रव्य आणि पोटॅशियम बायक्रोमेट यांचे मिश्रण जाड, खरखरीत कागदावर फासावयाचे. प्रकाश लागेल तेथे ते घट्ट होते, नसेल तेथे पाण्याने निघून जाते. प्रत ओली असताना कुंचल्याने हवे ते ठेवावे, नको ते धुवावे. पाहणाऱ्याला खडूचे किंवा कोळशाचे चित्र वाटे. मग १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम पट्ट्या बाजारात आल्या. त्यांत तर बटाट्याच्या पिठाचे कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून काचेवर पसरलेले असत आणि त्या कणांतून गाळून येणाऱ्या प्रकाशाने रंगीत चित्र होई. फ्रान्समध्ये ठिपक्यांनी रंगविणारे चित्रकार आधीच होऊन गेले होते. ही पट्टी जणू त्यांच्याच कुळातली. स्वयंपाकघरातील एका जिन्नसाने छायाचित्राला रंग दिला, ही हकीकत आमच्या घरी मी सांगितली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि रव्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. तोवर मोठ्या काचेची तेवढीच मोठी प्रत निघे, मोठी करण्याचे कारण क्वचित पडे. आता निगेटिव्ह झाली २४ मिलिमीटर बाय ३६, टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी. तिची भिंतीवर लावण्याजोगी प्रत काढावयाची म्हणजे दहा, पंधरा, वीस पट वाढ. रवा नको त्या ठिकाणी डोळ्यांवर येऊ लागला आणि पुढील तीस वर्षे कंपन्यांनी, रसायनशास्त्रज्ञांनी व हौशी मंडळींनी मिळून त्याच्याविरुद्ध मोहीम चालविली. प्रत्येक डेव्हलपरच्या बाटलीवर 'सूक्ष्म कण' ही ग्वाही असे.

आणि मग, शत्रू जवळजवळ जिंकला गेल्यावर, काहींना त्याची आठवण येऊ लागली. कोडॅकची ट्राय-एक्स ही जलद फिल्म १९५४ मध्ये लहान कॅमेऱ्यांसाठी मिळू लागली. तिने दिव्याच्या उजेडात, खिडकीशी, देवळाच्या ओवरीत चित्र घेणे शक्य केले. बदल्यात तिने रवा मागितला. काहींनी तो आनंदाने दिला. अमेरिकेत राल्फ गिब्सनने ट्राय-एक्सला जास्त प्रकाश देऊन रोडिनालमध्ये जास्त वेळ ठेवण्याची रीत स्वीकारली. रोडिनाल हे १८९१ पासूनचे जर्मन डेव्हलपर रव्याच्या कडा बोथट करीत नाही. जपानात दाइदो मोरियामा व त्याच्या सोबत्यांनी १९६८ च्या सुमारास खरखरीत, हललेली, अस्पष्ट चित्रे हीच आपली भाषा ठरविली. फ्रान्समध्ये सारा मून या बाईंनी रव्याने भरलेली अशी काही स्त्रीचित्रे घेतली की ती जुन्या भिंतीवरील ओल्या रंगकामासारखी वाटतात. या तिघांचे हेतू एक नव्हते. परंतु रवा हा पुसावयाचा मळ नसून योजावयाचे साधन आहे, याविषयी त्यांच्यात मतभेद दिसत नाही.

आमच्या माळमड्डीच्या छायाचित्रकारांना १९७४ साली यांपैकी कोणाचेही नाव माहीत नव्हते. त्यांच्या टेबलावर रेम्ब्रांटच्या चित्रांचे एक जुने फाटके पुस्तक होते आणि डोळ्यांपुढे भटमाम होते. भटमामांनी एकच अट घातली होती : मी बसणार नाही आणि तुमचा तो भपकन् पेटणारा दिवा लावू द्यावयाचा नाही, पहाटे मी गंध उगाळतो तेव्हा काय घ्यावयाचे ते घ्या. आषाढ महिना. ओवरीत ढगांतून झिरपणारा सपाट उजेड. मुंबईच्या एका नातलगाने आणून दिलेला ट्राय-एक्सचा एकच रोल. फिल्मची गती ४००. त्यांनी ती १६०० समजून प्रकाश दिला, म्हणजे हवा त्याच्या चौथाई.

पुढचा भाग त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितला. कमी प्रकाश मिळालेली फिल्म भरून काढण्यास डेव्हलपिंग लांबवावे लागते आणि त्याने घोळके जाड होतात. त्यांनी नेहमीचे मवाळ डेव्हलपर न घेता कागदाच्या प्रतींसाठी वापरतात ते तीव्र द्रावण पातळ करून घेतले. आधी रोलच्या शेवटच्या तुकड्यावर प्रयोग केला. द्रावण आणि धुण्याचे पाणी एकाच तापमानाचे ठेवले, कारण ऊन द्रावणातून एकदम गार पाण्यात गेलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात व त्या सुरकुत्यांचे जाळे हा रवा नव्हे; तो निव्वळ अपघात. मग चित्र निवडले. संपूर्ण निगेटिव्हमध्ये भटमाम, त्यांचे हात, सहाण, मागे पाठमोरा एक मुलगा असे सारे आहे. त्यांनी त्यातून फक्त मस्तक घेतले. साधारण बारा मिलिमीटर रुंद व पंधरा मिलिमीटर उंच एवढा तो तुकडा सोळा बाय वीस इंचांच्या कागदावर नेला. म्हणजे सुमारे चौतीस पट. एनलार्जरची दांडी तेवढी उंच नव्हती, म्हणून त्याचे डोके आडवे फिरवून समोरच्या भिंतीवर कागद टाचण्यांनी लावला. भिंगे घट्ट प्रकाश टाकणारी, कागद कडक जातीचा. सपाट उजेडात घेतलेली निगेटिव्ह असल्यामुळेच तो कडक कागद पेलला; उन्हात घेतली असती तर चेहऱ्याचे काळे-पांढरे दोन तुकडे झाले असते.

त्यांनी मला प्रतीजवळ नेऊन एक गोष्ट दाखविली, जी पन्नास वर्षे पाहूनही माझ्या लक्षात आली नव्हती. उपरण्याच्या पांढऱ्यात रवा जवळजवळ नाही. मागच्या काळोखातही नाही. तो आहे गालांवर, कपाळावर, मिटत आलेल्या पापणीवर, म्हणजे जेथे उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळतात तेथे. रव्याचा हा धर्मच आहे, मधल्या करड्या छटांत तो अधिक उमटतो. चित्रकार जेथे जास्तीत जास्त हात फिरवील, नेमक्या त्याच जागी.

या चित्राची पहिली प्रत निराळी होती, हे मला तेव्हाच कळले. त्या वेळच्या समितीला रवा पसंत पडला नव्हता. एका रंगाऱ्याकडून प्रतीवर कुंचला फिरवून घेतला, सुरकुत्या भरल्या, गंध ठसठशीत केले आणि ती तसबीर भटमामांच्या वर्षश्राद्धाला सभामंडपात लावली. त्यांच्या पत्नी, आमच्या भटमामी, दर्शनाला आल्या. उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "हे ते न्हय." आणि निघून गेल्या. रंगाऱ्याची तसबीर त्याच आठवड्यात उतरली. छायाचित्रकारांनी तीन रात्री जागून काढलेली बिनकुंचल्याची प्रत तिच्या जागी लागली, ती आजतागायत.

भटमामींनी कशावरून ओळखले असेल? मी न्यायालयात वीस वर्षे साक्षी-पुरावे पाहत आलो आहे आणि मला असे वाटते की या बाबतीत त्यांची दृष्टी वकिलाची होती. कुंचला चित्रात बाहेरून काहीतरी आणतो. रवा बाहेरून येत नाही. भटमामांच्या गालावरून निघालेल्या उजेडानेच ते कण काळे केले आहेत. त्यांची मांडणी दैवाधीन असते व दोन निगेटिव्हवर ती कधीच सारखी पडत नाही. मी मुद्दाम भिंग घेऊन प्रत आणि निगेटिव्ह यांतील पापणीजवळचे घोळके जुळवून पाहिले. जुळले. छायाचित्रकाराने त्यांचा जाडेपणा हवा तसा वाढविला, यात शंका नाही. आणि या दृष्टीने त्यानेही हस्तक्षेप केलाच. पण त्याने नवा कण घातला नाही.

समितीपुढे आलेल्या नमुन्यात नेमके हेच झाले होते. हे संगणकी शुद्धीकरण रव्याखाली दडलेला चेहरा उघडा करते असा तरुणांचा समज आहे. रव्याखाली काही दडलेले नसते. रवा काढला की तेथे भोक पडते. ते यंत्र हे भोक इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेल्या कातडीने बुजविते. भटमामांच्या कपाळावर कोणाकोणाची कातडी आली आहे हे आता कोणीच सांगू शकणार नाही. उलट प्रकारही चालू आहे. आजकालच्या कॅमेऱ्यांत गुळगुळीत चित्रावर मागाहून रवा पेरण्याची सोय असते, आणि २०१८ मध्ये निघालेल्या एव्ही-१ या चलच्चित्र-पद्धतीत तर मूळ चित्रपटाचा रवा पाठविण्यापूर्वी काढून टाकतात व पाहणाऱ्याच्या पडद्यावर तसाच दुसरा घडवून घालतात. लग्नाच्या छायाचित्रात हौसेने असा रवा पेरला तर माझी तक्रार नाही. शोभेसाठी आहे हे सर्वांना ठाऊक असते. सभामंडपातील चित्राचे काम शोभेचे नाही.

मी समितीला लेखी अभिप्राय दिला तो तीन ओळींचा होता : स्वामित्व समितीचे आहे; ५७ व्या कलमाखाली छायाचित्रकार हरकत घेऊ शकतात; आणि मी त्यांना विचारले असता त्यांनी घेतली आहे. चर्चा मात्र दोन तास चालली. तरुण सभासदाचे म्हणणे सर्वस्वी गैर नव्हते. नव्या पिढीने भटमामांना पाहिलेले नाही, त्यांना एक धुरकट म्हातारा दिसतो, आणि कोणी थांबून पाहत नाही. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते छायाचित्रकारांनी दिले. त्यांना मुलाने गाडीतून आणले होते. त्यांनी चित्र कोठे टांगले आहे ते पाहिले आणि ते रागावले. मागच्या रंगकामाच्या वेळी कोणी तरी ते आणून बुटांच्या फळीवर, वाटेच्या कडेला लावले होते. येणाराजाणारा त्याच्यापासून हातभर अंतरावरून जाई, आणि हातभर अंतरावरून तेथे रव्यावाचून काही दिसणे शक्यच नव्हते. शिवाय दुपारचे ऊन सरळ काचेवर येत असे.

त्यांनी सभामंडपात पावले मोजली. कासवापासून तीन पावले मागे जाऊन उभे राहिले, पुन्हा एक पाऊल पुढे आले आणि समोरच्या खांबावर बोट दाखविले. सुताराला लगेच बोलावले. खिळा तेथे ठोकला, जमिनीपासून साडेपाच फुटांवर, आणि काच बदलून चकाकी नसलेली घातली. रंगीत नमुन्याचे काय करावयाचे असे कोणी तरी विचारले, तेव्हा तो त्या तरुण सभासदाने स्वतःच गुंडाळून पिशवीत ठेवला.